जपानी खेळण्यांचा इतिहास कोठून सांगावा?

शाळेतील जपानविषयक प्रदर्शनात पारंपरिक खेळणी आणि खेळ कालानुक्रमे मांडायचे आहेत, त्यांतील अस्सल जपानी कोणते आणि बाहेरून आलेले कोणते हे मुलांना सांगायचे आहे, आणि काही खेळ मुलांना प्रत्यक्ष खेळता यावेत अशीही इच्छा आहे, असा आपला तिहेरी प्रश्न आहे. पुण्यात जपानी भाषा शिकवताना गेली २२ वर्षे मी हे खेळ वर्गात खेळवत आलो आहे, आणि त्या निमित्ताने जमलेल्या खेळण्यांची डागडुजीही स्वतःच करतो. त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी की ‘अस्सल’ आणि ‘परके’ असे दोन कप्पे करू नयेत. तसे केले तर पहिला कप्पा जवळजवळ रिकामा राहील. शोगि, म्हणजे जपानी बुद्धिबळ, आपल्या चतुरंगाच्या वंशातला आहे, गो आणि सुगोरोकु हे पटावरचे खेळ चीनमधून आले, पत्ते पोर्तुगिजांनी आणले, आणि दोरीला बांधलेला चेंडू कपात झेलायच्या केन्दामाचे मूळही परदेशी खेळण्यात आहे. या वस्तू जपानात पोहोचल्यावर त्यांचे काय झाले, हा खरा सांगण्याजोगा इतिहास आहे.

तो तपासू लागले की दोन कारणे पुन्हा पुन्हा समोर येतात. एक म्हणजे लहान मूल दगावेल ही घराघरातली भीती, आणि दुसरे म्हणजे जुगार व उधळपट्टी यांना आळा घालणारे सरकारी हुकूम. जपानी खेळण्यांचे रंग, आकार आणि चित्रे यांचा फार मोठा भाग या दोन गोष्टींनी ठरवलेला आहे. म्हणून मांडणीत सनावळी अवश्य असावी, पण प्रत्येक वस्तूशेजारी ती नवसातून आली की बंदीतून वाट काढत आली, हेही लिहावे. मुलांना ते लगेच कळते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात सुगोरोकुपासून करावी, कारण या खेळाची फार जुनी नोंद बंदीचीच आहे. ‘निहोन शोकि’ या प्राचीन बखरीत सम्राज्ञी जितो हिच्या कारकिर्दीत, इ. स. ६८९ मध्ये, सुगोरोकु खेळण्यास मनाई केल्याचे लिहिले आहे. बंदी घालावी लागते याचाच अर्थ तोपर्यंत खेळ चांगला रुजला होता. हा पटावरचा, दोन फाशांचा खेळ असे. प्रत्येक खेळाडूकडे १५ सोंगट्या असत आणि फाशांच्या दानाप्रमाणे त्या पुढे न्यायच्या असत. ज्यांनी बॅकगॅमन पाहिले आहे त्यांना तो लगेच ओळखता येईल. सम्राट शोमु याच्या मृत्यूनंतर ७५६ मध्ये त्याच्या वस्तू नारा येथील तोदाइजी मंदिराला अर्पण करण्यात आल्या. त्या ज्या शोसोइन भांडारात जपून ठेवल्या आहेत, तेथे सुगोरोकुचा पट आणि गो खेळाचा नक्षीदार पट आजही आहेत. गोच्या पटाच्या कडेला लाकडाच्या जडावात उंट कोरलेले आहेत. ज्या देशात उंट नव्हता तेथील राजवाड्यात ते चित्र कोणत्या वाटेने आले असेल, एवढा एक प्रश्न फलकावर लिहिला तरी पुष्कळ काम होईल.

बंदीने सुगोरोकु थांबला नाही. ‘हेइके मोनोगातारी’ या जुन्या युद्धकथेत सम्राट शिराकावा याच्याविषयी एक प्रसिद्ध वचन आहे, की कामो नदीचे पाणी, सुगोरोकुचे फासे आणि डोंगरावरच्या मठातले भिक्षू, या तीन गोष्टी त्याच्या हुकुमात नव्हत्या. पुढे हा खेळ हळूहळू मागे पडला आणि शेवटी त्याचा पट श्रीमंत घरांतल्या मुलींच्या रुखवतात, गो आणि शोगिच्या पटांच्या जोडीला, केवळ शोभेची वस्तू म्हणून उरला. नाव मात्र जगले, आणि ते एका वेगळ्याच खेळाला चिकटले.

तो खेळ म्हणजे चित्रांचा सुगोरोकु. कागदावर घरे आखलेली असतात, एक फासा टाकायचा, आणि सुरुवातीच्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत पोहोचायचे. त्याचे जुने रूप ‘जोदो सुगोरोकु’ हे बौद्ध शिकवणीचे होते आणि त्याचे उल्लेख १५व्या शतकापासून मिळतात. त्यात आकड्यांच्या फाशाऐवजी सहा अक्षरे लिहिलेला फासा असे. त्यातील पहिली दोन अक्षरे ‘ना-मु’, म्हणजे आपले ‘नमो’. सुरुवातीच्या घराचे नाव ‘नान्-एन्बुशू’. यातील ‘एन्बु’ हा ‘जंबु’ या शब्दाचा चीनमार्गे बदलत गेलेला उच्चार आहे, आणि पूर्ण नावाचा अर्थ दक्षिणेकडील जंबुद्वीप. पूजेच्या संकल्पात आपण ज्या जंबुद्वीपाचा उच्चार करतो, तेथूनच जपानी मूल आपली सोंगटी हलवत असे. चांगले अक्षर पडले तर स्वर्गाकडे चढायचे, वाईट पडले तर नरकाकडे घसरायचे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट असल्यास तो या पटाशेजारी अवश्य ठेवावा. एकाने दुसऱ्याकडून घेतला असे सांगायचे नाही. पाप-पुण्याचा हिशेब मुलांना समजावण्यासाठी दोन्हीकडे फाशाचाच आधार घेतला गेला, एवढेच दाखवावे.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीत, ठशांची छपाई स्वस्त झाली आणि धर्माची जागा प्रवासाने घेतली. निहोनबाशि या एदोतील, म्हणजे आजच्या तोक्योतील, पुलापासून तोकाइदो मार्गावरच्या ५३ मुक्कामांतून क्योतोपर्यंत नेणारा सुगोरोकु सर्वांत लोकप्रिय ठरला. त्यानंतर नाटकांतले नट, व्यवसाय, नोकरीतील बढत्या असे विषय येत गेले, आणि मेइजी काळापासून (१८६८–१९१२) मुलांच्या मासिकांच्या नववर्ष अंकासोबत असा पट भेट देण्याची प्रथा पडली. एखाद्या काळात समाज कशाला ‘पोहोचणे’ मानत होता, हे पाहायचे असेल तर त्या काळच्या सुगोरोकुचे शेवटचे घर पाहावे.

शोगिबद्दल थोडक्यात. नारा येथील कोफुकुजी मंदिराच्या आवारात सापडलेल्या लाकडी सोंगट्या तेथेच मिळालेल्या लेखामुळे १०५८ च्या सुमाराच्या ठरतात. जपानातल्या ज्ञात सोंगट्यांत त्या सर्वांत जुन्या गणल्या जातात. आजच्या शोगित ८१ घरे आणि दोन्ही बाजूंच्या मिळून ४० सोंगट्या असतात. बुद्धिबळ येणाऱ्या मुलांना एकच फरक सांगावा: मारलेली सोंगटी पटाबाहेर मरून पडत नाही, ती मारणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येते. त्यामुळेच दोन्ही सैन्यांना वेगवेगळे रंग नसतात, आणि सोंगटीचे निमुळते टोक ज्या दिशेला, त्या दिशेचा शत्रू. सध्या या सोंगट्यांचे बहुतांश उत्पादन यामागाता प्रांतातील तेन्दो या गावात होते.

आता भीतीकडे वळू, कारण बाहुल्यांचा इतिहास तिच्याशिवाय सांगता येत नाही. हेइआन काळात (७९४–११८५) तान्ह्या मुलाच्या उशाशी ‘आमागात्सु’ नावाची कापडी आकृती ठेवत. मुलावर येणारे संकट तिने स्वतःवर घ्यावे, हे तिचे काम. दुसरीकडे कागदाच्या आकृतीने अंग पुसून, अमंगळ तिच्यात उतरवून ती नदीत सोडण्याचा विधी होता. आणि तिसरीकडे दरबारातल्या मुली ‘हीना’ नावाच्या छोट्या बाहुल्यांशी घरकुल मांडून खेळत. ११व्या शतकाच्या आरंभीच्या ‘गेन्जी मोनोगातारी’ या दरबारी कादंबरीत हा खेळ आला आहे. संकट घेणारी आकृती आणि खेळातली बाहुली या दोन धारा पुढे ३ मार्चच्या हिनामात्सुरि या मुलींच्या सणात एकत्र आल्या. तोत्तोरि प्रांतातील मोचिगासे येथे आजही गवताच्या चकतीवर कागदी बाहुल्यांची जोडी ठेवून ती नदीत सोडतात. प्रदर्शनात पायऱ्यांवर मांडलेला राजदरबार दाखवणार असाल, तर त्याच्या अगोदर अशी एक साधी कागदी जोडी ठेवावी. ती नसेल तर तो पायऱ्यांचा थाट आपल्या गौरींपुढच्या आराशीसारखा निव्वळ देखावा वाटतो आणि त्यामागची आईची काळजी दिसत नाही.

एदो काळात शहरी व्यापाऱ्यांकडे पैसा आला आणि या बाहुल्या आकाराने व किमतीने वाढू लागल्या. शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने १७२१ मध्ये ८ सुन, म्हणजे सुमारे २४ सेंटीमीटर, यापेक्षा उंच बाहुल्यांना मनाई केली. १८व्या शतकाच्या अखेरीस, कान्सेइ सुधारणांच्या काळात, हा नियम पुन्हा कडकपणे राबवला गेला. कारागिरांनी यातून काढलेली वाट माझ्या दृष्टीने जपानी खेळण्यांच्या इतिहासातली सर्वांत सुंदर घटना आहे. मोठे करता येत नाही ना, मग लहान करू, असे म्हणून त्यांनी ‘केशि-बिना’ घडवल्या. केशि म्हणजे खसखस. बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या, त्यांच्या नखाएवढ्या पेट्या, लाखकाम केलेली कपाटे, भांडीकुंडी, आणि हे सगळे खऱ्या वस्तूंइतक्याच बारकाईने केलेले. उंचीचा हुकूम अक्षरशः पाळला गेला आणि खर्च मात्र कमी झाला नाही.

आजारांच्या भीतीतून आलेली खेळणी रंगावरून ओळखता येतात. जुन्या जपानात देवीच्या रोगाने असंख्य मुले जात. आपल्याकडे जशी शीतलादेवी, तसा तेथे होसोगामि हा देवीच्या रोगाचा देव मानला जाई आणि त्याला लाल रंग आवडतो किंवा त्याचे भय वाटते, असे दोन्ही प्रकारे सांगितले जाई. म्हणून आजारी मुलाभोवती लाल वस्तू ठेवत. आइझु भागातील ‘आकाबेको’ हा मान डोलावणारा लाल बैल कागदाच्या लगद्याचा असतो, आणि त्याच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे देवीचे फोड, असे मानतात. पाडले तरी उठून बसणारा लाल दारुमा याच कुळातला. त्याचे नाव बोधिधर्मातील ‘धर्म’ या शब्दावरून आले आहे, आणि परंपरा बोधिधर्माला दक्षिण भारतातून आलेला मानते. कुत्रीची प्रसूती सुलभ होते म्हणून ‘इनु-हारिको’ हा कागदी कुत्रा बाळंतिणीच्या खोलीत ठेवत आणि पुढे तोच बाळाचे खेळणे होई. देवीची परिणामकारक लस १८४९ मध्ये नागासाकिला पोहोचली आणि हळूहळू लाल रंगाचे ते काम संपले. रंग मात्र आजही तोच आहे.

याच मालिकेत मी हानेत्सुकि हा नववर्षाचा खेळ धरतो. लाकडी फळीने पिसांचे फूल हवेत टोलवायचा हा खेळ बॅडमिंटनसारखा दिसतो, पण यात जाळी नसते. दरबारात तो खेळल्याच्या नोंदी १५व्या शतकातल्या आहेत. फुलाच्या बुडाशी जे काळे, टणक बी असते ते मुकुरोजिचे, म्हणजे आपल्या रिठ्याच्याच जातकुळीतल्या झाडाचे. ते नाव ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा शब्दशः अर्थ ‘आजार नसलेले मूल’ असा होतो. शिवाय हवेत उडणारे ते फूल चतुरासारखे दिसते आणि चतुर डास खातो, म्हणून हा खेळ खेळलेल्या मुलांना डास चावत नाहीत, असेही जुने लोक सांगत. आज तोक्योत आसाकुसा येथील सेन्सोजी मंदिरात १७ ते १९ डिसेंबरला भरणाऱ्या बाजारात मिळणाऱ्या फळ्या बहुधा खेळायच्या नसतात. त्यांवर कापसाचा उठाव देऊन रेशमी कापडात काबुकि नटांची चित्रे चढवलेली असतात. प्रदर्शनासाठी एक अशी आणि एक साधी, टोलवून झिजलेली, अशा दोन फळ्या मिळाल्या तर उत्तम.

पत्त्यांना मात्र सविस्तर जागा द्यावी, कारण बंदी आणि कल्पकता यांची झटापट इतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांची जपानकडे जाणारी वाट गोवा, मलाक्का, मकाव अशी होती. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्यातून निघूनच कागोशिमाला पोहोचला. मराठीतला ‘पाव’ आणि जपानीतला ‘पान’ हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन अवतार आहेत, आणि ‘करुता’, म्हणजे पत्ते, हा शब्दही त्याच भाषेतील ‘कार्ता’वरून आला. त्यांच्या ४८ पानांच्या संचाची नक्कल जपानी कारागिरांनी लवकरच केली. तेन्शो काळातले (१५७३–१५९२) म्हणून त्यांना तेन्शो करुता म्हणतात. १५९७ मध्ये शिकोकु बेटावरील चोसोकाबे मोतोचिका या सरदाराने आपल्या कायद्यात करुताच्या जुगाराला मनाई केली. परकीय खेळ येऊन जेमतेम अर्धशतक झाले होते आणि तो कायद्याच्या कलमात पोहोचला होता.

पुढची दोन-अडीचशे वर्षे हाच क्रम चालू राहिला. एका प्रकारच्या पत्त्यांवर करडी नजर गेली की दुसरे रूप पुढे येई. पाच रंगांच्या प्रत्येकी १५ अशा ७५ पानांचा उन्सुन करुता आला, आणि तो कुमामोतो प्रांतातल्या हितोयोशि येथे आजही खेळला जातो. शेवटी जे रूप टिकले ते हानाफुदा, म्हणजे फुलांचे पत्ते. पाने पुन्हा ४८, पण आता १२ महिन्यांची प्रत्येकी ४. जानेवारीला पाइन, फेब्रुवारीला प्लम, मार्चला चेरी असे करत डिसेंबरच्या पाउलोनियापर्यंत. पानावर आकडा कोठेही नाही. ऑगस्टच्या एका पानावर गवताळ टेकडीवर उगवलेला पूर्ण चंद्र आहे आणि नोव्हेंबरच्या एका पानावर विलोखाली छत्री घेतलेला माणूस बेडकाकडे पाहत उभा आहे. ज्याला डाव माहीत नाही त्याला तो ऋतूंचा चित्रसंग्रहच वाटेल. १८८०च्या दशकात विक्रीवरची बंधने सैल झाली आणि १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउचि याने क्योतोत हानाफुदा बनवण्याचे दुकान काढले. तीच आजची निन्तेन्दो कंपनी. ती हे पत्ते अजूनही काढते.

सावंतवाडीचा गंजिफा शाळेला कोणाकडून उसना मिळाला तर तो येथे ठेवावा. त्याची वाट इराणहून आलेली, म्हणजे पूर्णपणे वेगळी. पण दशावतारी गंजिफाच्या १२० पानांतही परक्या खेळात आपले देव आणि आपले रंग भरण्याचेच काम झाले आहे. मुलांना ही तुलना माझ्याहून चांगली करता येते.

जुगारापासून दूर असलेली करुताची दुसरी शाखाही आहे. हेइआन काळापासून उमरावांच्या घरी शिंपल्यांचा खेळ होता. हामागुरि शिंपल्याची दोन शकले फक्त एकमेकांनाच तंतोतंत बसतात, दुसऱ्या कोणत्याही शिंपल्याला नाही. उपडी ठेवलेल्या शेकडो शकलांतून जोडी शोधायची. (याला सर्रास ‘काइ-आवासे’ म्हणतात, पण त्या नावाचा मूळ खेळ सुंदर शिंपले आणून त्यांची तुलना करण्याचा होता, जोड्या लावण्याच्या खेळाचे नीट नाव ‘काइ-ओओइ’. नामफलकावर एवढी काळजी घ्यावी.) जोडी न मोडणारी वस्तू म्हणून अशा शिंपल्यांच्या दोन अष्टकोनी पेट्या लग्नात देत. ही जोडीची कल्पना आणि पोर्तुगीज पत्त्याचा कागदी आकार एकत्र येऊन ‘उता-गारुता’ जन्मला. फुजिवारा नो तेइका याने १२३५ च्या सुमारास निवडलेल्या शंभर कवींच्या शंभर कविता हा त्याचा मजकूर. एकाने कविता मोठ्याने वाचायची, इतरांनी तिचा उत्तरार्ध लिहिलेला पत्ता जमिनीवरून उचलायचा.

१९०४ मध्ये पत्रकार कुरोइवा रुइको याने या खेळाचे नियम एकसारखे करून तोक्योत स्पर्धा भरवली. आज ओत्सु येथील ओमि मंदिरात दर जानेवारीला त्याचे सर्वोच्च सामने होतात. मंदिर सम्राट तेन्जी याचे आहे आणि शंभरांतली पहिली कविता त्याचीच आहे. शंभरांपैकी ५० पत्ते मांडतात, प्रत्येकाकडे २५, आणि ते लक्षात ठेवायला १५ मिनिटे देतात. उरलेल्या ५० कविताही वाचल्या जातात, त्यामुळे नसलेल्या पत्त्यावर हात पडण्याचा धोका कायम असतो. कविता ज्या अक्षरापाशी इतरांपासून वेगळी ठरते, त्या अक्षराला सारे महत्त्व. सात कविता पहिल्याच अक्षरावर ओळखता येतात, आणि खेळाडू ती सात अक्षरे ‘मु-सु-मे-फु-सा-हो-से’ अशी पाठ करतात. लहान मुलांसाठी याचेच सोपे रूप म्हणजे ‘इरोहा करुता’: ४७ अक्षरे आणि शेवटी ‘क्यो’, म्हणजे राजधानी, मिळून ४८ जोड्या, प्रत्येक अक्षराला एक म्हण आणि तिचे चित्र. एदोच्या संचातली पहिली म्हण ‘कुत्रा नुसता चालला तरी काठीला अडतो’ अशी, तर क्योतोच्या संचातली ‘एका सुनापुढे काळोख’, म्हणजे बोटभर अंतरापुढचेही दिसत नाही.

नागासाकिच्या ‘हाता’ पतंगांसाठी छोटी जागा पुरे, पण ती ठेवावीच. देजिमा बेटावरील डच वखारीत आग्नेय आशियातून आलेल्या सेवकांमुळे हा चौकोनी लढाऊ पतंग तेथे रुजला, असे मानले जाते. त्याच्या दोऱ्याला काचेची पूड लावतात आणि त्याला ‘बीदोरो योमा’ म्हणतात. ‘बीदोरो’ म्हणजे काच, हाही पोर्तुगीज शब्द. आपल्याकडचा मांजाच तो. उरलेल्या जपानात मात्र पतंग प्रचंड आकाराकडे गेले. निइगाता प्रांतातील शिरोने येथे नदीच्या दोन तीरांवरून २४ ततामि चटयांएवढे पतंग एकमेकांत अडकवून ओढाओढ करतात.

केन्दामा १८व्या शतकात आला तेव्हा प्रौढांच्या बैठकीतला, एक कप आणि एक चेंडू असा खेळ होता. तीन कप आणि एक टोक असलेले आजचे रूप १९१८–१९ मध्ये हिरोशिमाजवळ एगुसा हामाजि याने ठरवले आणि हात्सुकाइचि येथील लाकूड कातणाऱ्यांनी ते देशभर पोहोचवले. बेइगोमा हा छोटा लोखंडी भोवरा मूळचा ‘बाइ’ नावाच्या शंखात वाळू भरून केलेला. आजच्या मुलांना ठाऊक असलेल्या बेब्लेडच्या नावात तोच ‘बेइ’ आहे.

कोकेशिबद्दल एक सावधगिरी. तोहोकु, म्हणजे ईशान्य जपानच्या, भागातील गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत, एदो काळाच्या उत्तरार्धात, वाट्या आणि ताटल्या कातणाऱ्या कारागिरांनी कोकेशि ही हातपाय नसलेली लाकडी बाहुली स्नानाला येणाऱ्यांसाठी केली. नारुको येथील कोकेशिचे डोके फिरवले की करकर आवाज येतो. कोकेशि म्हणजे ‘मूल नाहीसे करणे’ आणि या बाहुल्या दुष्काळात मारलेल्या अर्भकांच्या स्मृती आहेत, अशी गोष्ट आज सर्वत्र सांगितली जाते. तिला जुन्या कागदपत्रांचा आधार नाही. गावोगावी या बाहुलीला वेगवेगळी नावे होती आणि ‘कोकेशि’ हे सर्वमान्य नाव १९४० मध्ये नारुको येथील बैठकीत ठरले. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमागे कोणी अशी कहाणी चिकटवली तर आपल्याला जे वाटेल, तेच तेथील कारागिरांना वाटते. कृपया ती गोष्ट फलकावर घेऊ नये.

आधुनिक काळासाठी दोनच वस्तू पुरतील. चीनी मातीचा बेइगोमा मिळाल्यास तो ठेवावा. युद्धात लोखंड सरकारजमा झाले तेव्हा मुलांचे भोवरेही मातीचे झाले. दुसरी वस्तू पत्र्याची जीप. १९४५ च्या अखेरीस कोसुगे मात्सुझो याने टाकाऊ डब्यांच्या पत्र्यातून अमेरिकी सैन्याच्या जीपची छोटी प्रतिकृती केली आणि ती क्योतोत हातोहात खपली. १९४७ ते १९५२ या काळातील निर्यात खेळण्यांवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असे. खरी वस्तू मिळाली नाही तर चांगले छायाचित्र चालेल. जुने मेन्को, म्हणजे जमिनीवर आपटायच्या चकत्या, कोणी देऊ केले तर ते शिशाचे नाहीत ना हे पाहावे. मेइजी काळातल्या शिशाच्या चकत्यांनी मुलांना विषबाधा होई, आणि त्यामुळेच पुढे त्या पुठ्ठ्याच्या झाल्या. असा नग काचेआडच ठेवावा.

खेळण्यासाठीच्या टेबलावर मी तीनच खेळ ठेवीन. पहिला ओतेदामा: कापडाच्या छोट्या पिशव्यांत लाल आझुकि डाळीचे दाणे भरतात, आपल्याकडे चवळी चालते. एक वर उडवून खालच्या उचलायच्या, हे ज्यांनी सागरगोटे खेळले आहेत त्यांना शिकवावे लागत नाही. आजीला बोलावले तर वर्गातली सर्वांत चांगली शिक्षिका तीच ठरते.

दुसरा, मराठी म्हणींचा करुता. मी तो दरवर्षी विद्यार्थ्यांकडून करून घेतो. एका संचात पूर्ण म्हण, दुसऱ्यात चित्र आणि पहिले अक्षर. ‘क’ला कामापुरता मामा, ‘उ’ला उथळ पाण्याला खळखळाट फार. जपानी संचातल्या ‘फुलांपेक्षा दांगो बरे’ या म्हणीशेजारी ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ठेवली की दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे, एवढेच सांगावे लागते. मात्र प्रत्येक अक्षराला एकच म्हण ठेवू नये. ‘अडला हरी’, ‘अति तेथे माती’ आणि ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ या तिन्ही म्हणी घ्याव्यात. ‘अ’ ऐकून हात टाकणारा फसतो. ‘अड’ म्हणताच एक सुटते, पण ‘अति’नंतरही तिसऱ्या अक्षराची वाट पाहावीच लागते. ओमि मंदिरातले खेळाडू नेमके हेच करतात, आणि मुलांना ते पाच मिनिटांत समजते.

तिसरा हानेत्सुकि. वाळलेल्या रिठ्याचे काळे बी घ्यावे, सांडशीसारख्या पक्क्या पकडीत धरून मोठ्या माणसाने त्याला हातड्रिलने बारीक भोक पाडावे, त्यात कोंबडीची तीन-चार पिसे एकाच बाजूला किंचित वाकवून गोंदाने बसवावीत आणि रात्रभर सुकू द्यावीत. फळी हलक्या लाकडाची, साधारण १ सेंटीमीटर जाडीची असावी. प्लायवूडने बियाचा तो मोकळा ‘कोन्’ आवाज येत नाही. बॅडमिंटनसारखे जोरात मारू नये, खालून वर अलगद उचलावे आणि मोठ्याने मोजत राहावे. ज्याच्याकडून फूल पडेल त्याच्या तोंडावर शाईची रेघ ओढण्याची तेथे रीत आहे, आणि ती शाईही मुलाला वाईटापासून राखते, असे जपानात सांगतात. शाळेत शाई नको. काजळाची डबी ठेवावी आणि हरलेल्याच्या गालावर एक तीट लावावी.